देवराईच्या उंबऱ्यावर

खेळातला ड्रुइड रानात एकटा राहतो. झाडांशी बोलतो, मनात आले की अस्वल होतो, कुऱ्हाड घेऊन आलेल्याला वेलींत जखडून टाकतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या एका पुरवणीतून १९७६ साली हे पात्र खेळाडूंच्या हाती आले. त्याच वर्षी माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांचा पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा निबंध 'इकॉनॉमिक बॉटनी'त छापून आला. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण पहिल्या वाटेने येऊन दुसऱ्या वाटेला लागू पाहणारे वाचक आता भेटतात, आणि ही प्रस्तावना त्यांच्यासाठीच आहे.

खऱ्या ड्रुइडांबद्दल, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांबद्दल, आपल्याला कळते ते बव्हंशी परक्यांकडून. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की, पांढऱ्या वस्त्रातला पुरोहित चांद्रमासाच्या षष्ठीला ओकवर चढून सोन्याच्या कोयत्याने बांडगूळ कापी. आपण ज्या शब्दाने ऐतखाऊला हिणवतो, तीच त्यांची पूज्य वनस्पती!

भोर-वेल्ह्यातल्या देवरायांत सोन्याचा कोयता सापडणार नाही. उलट, रायीत कोयता न्यायचाच नाही, हाच मुळी नियम. वाघजाई, जननी, काळकाई किंवा म्हसोबा यांच्या नावाने राखलेला तो तुकडा कधी दोन-चार झाडांचा असतो, कधी काही एकरांचा. आत हिरडा, बेहडा, जांभूळ, अंजनी. आणि नशीब असेल तर गारंबीची जाडजूड वेल, हातभर शेंगा लोंबत असलेली. पानशेतच्या धरणापाठोपाठ रस्ते आले, कोळशाच्या भट्ट्या लागल्या, डोंगरउतार उघडे पडले. राया मात्र पुष्कळ ठिकाणी टिकल्या. गाडगीळ-वर्तकांना त्यांत आधीच्या जंगलाचा जिवंत नमुना दिसला. त्याआधी, १९६२च्या आपल्या ग्रंथात, दा. ध. कोसंबी मातृदेवतांच्या रायांपाशी इतिहासाच्या वाटेने पोहोचले होते. वनस्पतिशास्त्र आणि दैवतकथा, दोन्ही झोळ्या खांद्याला असल्याशिवाय या विषयात फार पुढे जाता येत नाही.

मग इथला ड्रुइड कोण? गुरव म्हणावा, तर तो पूजेपुरता. भगत म्हणावा, तर तो अंगात येण्यापुरता. माझ्या मते इथे असे पात्रच नाही. राखण करतो तो गावाचा धाक, आणि त्या धाकाला विचारायची सोय म्हणजे कौल. देवाला फुले किंवा तांदूळ चिकटवायचे, कोणत्या बाजूचे आधी पडते ते पाहायचे. उजवे पडले तर बहुधा होकार.

इथेच नव्या अभ्यासकाची खरी गंमत सुरू होते. कारण कौल झाड वाचवतो, तसा पाडतोही. देवळाचा जीर्णोद्धार निघाला, लाकूड हवे झाले आणि देवाने उजवा दिला, तर नियम मोडला की पाळला? रायीत गेलात तर चपला बाहेर काढा, वाळकी काटकीही उचलू नका, आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना आधी हेच विचारा: शेवटचा कौल कधी लावला होता, आणि कशासाठी?