धावत्या भेटीचं गाव

छत्रपती संभाजीनगरच्या स्टेशनाबाहेर टॅक्सीवाल्याशी भाव ठरवण्याआधी वार पाहावा लागतो. मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा बंद. एकच दिवस हाताशी घेऊन आलेल्या पाहुण्याची निम्मी निवड इथं कॅलेंडरच करून टाकतं. उरलेली निम्मी अंतर करतं. वेरूळ तीसेक किलोमीटर, अजिंठा शंभरच्या आसपास, आणि तेही वेगळ्या दिशेला. दोन्ही एका दिवसात उरकणारे महाभाग असतात. संध्याकाळी त्यांना पायऱ्या आठवतात, चित्रं आठवत नाहीत.

कॅरिबियन बेटांवर फिरणाऱ्या क्रूझचे प्रवासी नेमक्या याच पेचात असतात. बोट सकाळी लागते, संध्याकाळी सुटते. ग्रँड केमनसारख्या बेटावर तर मोठ्या बोटी किनाऱ्यापासून दूर नांगर टाकतात आणि छोट्या होड्यांनी प्रवाशांना उतरवतात, म्हणजे हातातल्या तासांतले काही त्या रांगेतच जातात. मग सेव्हन माइल बीच गाठायचा, की सेंट टॉमसच्या मुक्कामी मेगन्स बेची वाळू तुडवायची, याचा हिशेब आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर चालतो. प्रश्न एकच असतो: तेवढ्या वेळात परत येता येईल ना? कारण बोट कुणासाठी थांबत नाही.

संभाजीनगरला समुद्र नाही. पण हा हिशेब या गावानं साडेतीनशे वर्षं पाहिला आहे, आणि त्याचे पहिले धनी समुद्रावरूनच आले होते.

मलिक अंबरनं 1610 मध्ये वसवलेली खडकी 1653 नंतर औरंगाबाद म्हणून मोठी झाली. सुरतेच्या बंदरात उतरून गोवळकोंड्याच्या हिऱ्यांकडे निघालेला युरोपीय व्यापारी इथूनच जाई. झां-बातीस्त ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्यांतलाच. सुरत-औरंगाबाद रस्त्यावर संगमरवरानं लादलेल्या तीनशेहून अधिक गाड्या त्याला भेटल्या, आणि त्यांतल्या सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. तो दगड बीबी का मकबऱ्यासाठी चालला होता. मकबरा 1660-61 च्या सुमारास उभा राहिला, खर्च साडेसहा-पावणेसात लाखांच्या घरात. ताजमहालाशी तुलना करून त्याला ‘गरिबांचा ताज’ म्हणायची खोड पुढच्या पर्यटकांना लागली. बारा बैलांच्या त्या गाड्या ओढणाऱ्यांना मात्र त्यात गरिबी काही दिसली नसेल.

ताव्हर्नियेचाच देशबांधव झां द तेव्हनो. 1666 मध्ये तो सुरतेला उतरला आणि त्याच वाटेनं गोवळकोंड्याकडे निघाला. औरंगाबादेत त्याला वेरूळच्या लेण्यांबद्दल कळलं, तेव्हा वाट वाकडी करून तो बैलगाडीनं तिकडे गेला. लेण्यांत त्याला जेमतेम दोन तास मिळाले. एवढ्या वेळात सगळं कसं पाहून होणार, असं तो स्वतःच कबूल करतो. तरीही युरोपला वेरूळची पहिली नीट ओळख झाली ती याच घाईच्या भेटीतून. पुढच्याच वर्षी, 1667 मध्ये, परतीच्या वाटेवर इराणात तो वारला. आज वातानुकूलित बसमधून उतरून ‘दोन तासांत परत या’ ही सूचना ऐकणाऱ्यांचा हा मूळपुरुष.

घाई नसलेलेही आले. मुंबईच्या देशी पायदळातला कॅप्टन जॉन सीली 1810 मध्ये मुंबईहून निघाला तो लेणी पाहायचीच म्हणून, आणि 1824 मध्ये त्यानं एक आख्खं पुस्तक वेरूळवर छापलं. याच्या अगदी उलट जॉन स्मिथ. हा शिकारीला निघालेला फौजी अधिकारी. अजिंठा पाहण्याचा त्याचा काही बेत नव्हता. 28 एप्रिल 1819 रोजी तो दहाव्या लेण्यात शिरला आणि एका रंगवलेल्या आकृतीवर आपलं नाव आणि तारीख कोरून गेला. तेव्हा लेण्यात दगडमातीचा थर साचला होता. त्यावर उभं राहून खरडलेली ती सही आता माणसाच्या डोक्याच्या वर आहे. ‘आम्ही इथे आलो होतो’ या जातीच्या सगळ्या सह्यांत बहुधा सर्वांत प्रसिद्ध आणि, खरं सांगायचं तर, सर्वांत निर्लज्ज.

1869 मध्ये सुवेझ कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपच्या जवळ आली. तीनच वर्षांनी टॉमस कुकनं आपली पहिली जगप्रवासाची सहल काढली, तिच्या वाटेत हिंदुस्थान होता. 1922 मध्ये न्यूयॉर्कहून ‘लॅकोनिया’ निघाली. एकाच बोटीनं जग फिरवून आणणारी ही पहिली मोठी सहल मानतात. पुढे अशा जगफेऱ्यांची रीतच पडली. बोट मुंबईच्या बंदरात उभी राहायची आणि प्रवाशांपुढे मोजके दिवस आणि भलामोठा देश असायचा. बहुतेकांचं मत आग्र्याच्या बाजूनं पडे. ज्यांना मुंबई सोडायचीच नसे त्यांना घारापुरी होती, गेटवेपासून तासाभराच्या लाँचच्या अंतरावर. वेरूळ नकाशावर आग्र्याच्या मानानं फारच जवळ होतं, पण नकाशावर रेल्वेचे रूळ कुठं बदलतात ते दिसत नाही.

कारण मनमाड. मुंबईची ब्रॉडगेज तिथून सरळ भुसावळकडे निघून जाई. सुरुवातीला वेरूळला जाणारा प्रवासी मनमाडच्याही पुढं नांदगावला उतरून टांग्यानं पन्नासेक मैल घासत येई. विसावं शतक उजाडता उजाडता निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे मनमाडपासून औरंगाबादमार्गे सिकंदराबादपर्यंत धावू लागली, पण ती मीटरगेज. म्हणजे मनमाडला गाडी बदला, हमाल शोधा, सामान हलवा, वाट पाहा. मराठवाड्यातल्या दोन-तीन पिढ्यांची मुंबई अशी मनमाडच्या फलाटावरून सुरू झाली. 1990च्या दशकात रूळ रुंद झाले तेव्हा कुठं ही अडवणूक संपली. अजिंठ्याची गोष्ट वेगळी. ते जळगावच्या ब्रॉडगेजला जवळ, साठेक किलोमीटर, त्यामुळे औरंगाबाद शहराचं तोंडही न पाहता अजिंठा करून जाणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत.

जे आले त्यांनी नेलेल्या आठवणी फार वेगवेगळ्या आहेत. फ्रेंच नौदलातला अधिकारी आणि कादंबरीकार पिएर लोटी दुष्काळाच्या दिवसांत, 1900 च्या आसपास, इथून गेला. वेरूळ त्यानं अंधार पडल्यावर पाहिलं आणि त्याच्या पुस्तकात ते भीतीनं भरलेलं उतरलं. ई. एम. फॉर्स्टर 1912 च्या अखेरीस बोटीनं मुंबईत उतरला आणि 1913 च्या वसंतात औरंगाबादेत पोचला. दौलताबाद, वेरूळ दोन्ही त्यानं पाहिलं. त्याच्या गाजलेल्या कादंबरीतल्या गुहा बिहारमधल्या बराबर टेकड्यांवरून घेतलेल्या आहेत. पण त्यातल्या फील्डिंग या पात्राच्या बागेतल्या घरासाठी त्याच्यासमोर औरंगाबाद होतं. या शहराला जागतिक साहित्यात जी जागा मिळाली ती लेण्यांमुळे नाही, मुक्कामाच्या घरामुळे, ही गोष्ट गाइड सहसा सांगत नाहीत.

निजाम सरकारला या धावत्या पाहुण्यांचं मोल कळलं होतं. 1914 मध्ये हैदराबादचं पुरातत्त्व खातं सुरू झालं, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले, आणि 1920 मध्ये अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ आले. त्यांनी दिलेला लाखेचा थर पुढं पिवळा पडत गेला आणि तो काढण्यात नंतरच्या तज्ज्ञांची वर्षं गेली. अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला विश्रामगृह होतं, शहरात रेल्वेचं हॉटेल. गाव हळूहळू ‘थांबा’ या धंद्यात मुरत गेलं.

त्या धंद्याचा सुवर्णकाळ विमानाचा. मुंबई, औरंगाबाद, उदयपूर, जयपूर, दिल्ली असं टप्प्याटप्प्यानं जाणारं इंडियन एअरलाइन्सचं विमान म्हणजे हवेतली बोटच होती. प्रत्येक शहर एक बंदर. परदेशी प्रवासी सकाळी उतरत, वेरूळ पाहत, दुसऱ्या दिवशी अजिंठा, आणि पुढच्या टप्प्याला लागत. 26 एप्रिल 1993 रोजी याच मार्गावरचं मुंबईकडे निघालेलं विमान चिकलठाण्याच्या धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या ट्रकला धडकलं. 55 जण गेले. शहरातल्या जुन्या टॅक्सीचालकांच्या तोंडी तो दिवस अजून येतो.

1983 मध्ये अजिंठा आणि वेरूळ दोन्ही युनेस्कोच्या यादीत गेले होतेच. जपानहून, थायलंडहून, श्रीलंकेहून बौद्ध यात्रेकरूंचे गट येत. त्यांची निवड सोपी: अजिंठा आधी, बाकी वेळ उरला तर. त्यांच्यासाठी शहरातले काही गाइड जपानी शिकले. बसच्या परतीच्या वाटेवर हिमरूच्या दुकानाचा थांबा आला. रेशीम आणि सुताच्या त्या विणीचं नातं तुघलकानं दिल्ली दौलताबादला हलवली त्या घटनेशी जोडतात. ते खरं असो वा नसो, हातमागापुढे पाच मिनिटं आणि गल्ल्यापुढे वीस, हे प्रमाण मात्र ठरून गेलं.

मग 2004 च्या जानेवारीत खरोखरच रुळांवरची क्रूझ आली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आणि भारतीय रेल्वे यांची ‘डेक्कन ओडिसी’. तिचा पहिला मार्ग पाहण्यासारखा होता: मुंबईहून कोकणात, गणपतीपुळे, तारकर्ली, गोवा, मग घाट चढून कोल्हापूर, पुणे, औरंगाबाद, अजिंठा, नाशिक. म्हणजे एकाच आठवड्यात वाळूचे किनारे आणि वेरूळ. बोटीसारखंच सगळं: रात्री गाडी चालणार, सकाळी नव्या ‘बंदरा’त लागणार, तासांचं वेळापत्रक हातात. औरंगाबादच्या वाट्याला त्यात एक दिवस. त्या दिवसात वेरूळ आलं, कधी दौलताबादचा किल्ला खिडकीतून आला, आणि अजिंठ्यासाठी गाडी रातोरात जळगावकडे सरकली.

गावकऱ्यांची वेरूळची वाट याहून वेगळी, आणि तिला घड्याळ नाही. श्रावणात घृष्णेश्वराला लागणारी रांग लेण्यांकडे फारशी वळत नाही. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं ते ज्योतिर्लिंग कैलास लेण्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. हनुमान जयंतीला आणि श्रावणी शनिवारी शहरातून रात्रभर चालत लोक खुलताबादच्या भद्रा मारुतीला जातात, दौलताबादचा घाट पायी चढून. पर्यटकाची बस त्याच रस्त्यानं जाते, पण तिच्या यादीत भद्रा मारुती नाही. यात्रेकरूच्या यादीत बत्तिसावं लेणं नाही. दोघांनाही आपण वेरूळ पाहून आलो असंच वाटतं.

आता रस्ता आणि गाडी दोन्ही वेगवान झाले. 2023 च्या अखेरीस जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, 5 जून 2025 ला समृद्धी महामार्ग मुंबईच्या उंबऱ्यापर्यंत पूर्ण झाला. तरीही मुंबई बंदरात सकाळी लागून संध्याकाळी सुटणाऱ्या बोटीच्या प्रवाशाला वेरूळ रस्त्यानं जमत नाही. त्याच्यासाठी घारापुरीच बरी, तीही सोमवार सोडून. दोन रात्री थांबणाऱ्या बोटीचा प्रवासी मात्र येऊ शकतो, आणि त्यानं दुपारी वेरूळला असावं. कैलासाचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी गेलं तर कृष्णराजाच्या कारागिरांनी आठव्या शतकात वरून खाली कोरत आणलेला तो डोंगर सावलीत उभा असतो.

आणि या सगळ्या यादीतून जवळजवळ नेहमी गळणारं एक ठिकाण शहरातच आहे. मकबऱ्यामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत, रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांवर. सातव्या लेण्याच्या दर्शनी भिंतीवर अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ महाभयं कोरलेली आहेत: आग, तलवार, बेड्या, सिंह, साप, हत्ती, मृत्यू, आणि एका चौकटीत समुद्रात सापडलेली बोट. ज्या प्रदेशातला माल पैठणहून वीस दिवसांच्या वाटेनं भडोच बंदरात जात असे, तिथल्या माणसांना हे भय ठाऊक होतं. तासभर शिल्लक असेल तर ती बोट पाहून घ्यावी.