रस्त्याखालची गाळकुंडी

शहरातल्या रस्त्याच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर लोखंडी जाळ्या बसवलेल्या असतात. पावसाचे पाणी जाळीतून आत पडते आणि दिसेनासे होते. आत त्याचे काय होते, हा प्रश्न आपल्याला सहसा जाळी तुंबल्यावरच पडतो. पुष्कळ शहरांत हे पाणी थेट पाइपात न जाता आधी एका खोल खड्ड्यात उतरते. पुढे जाणाऱ्या पाइपाचे तोंड या खड्ड्याच्या तळाशी नसते, बरेच वर असते. त्यामुळे तळाशी नेहमी थोडे पाणी साठलेले राहते, वाळू आणि बारीक खडी त्यात खाली बसते आणि वरचे पाणी पुढे जाते. इंग्लंडमध्ये याला गली पॉट म्हणतात, अमेरिकेत कॅच बेसिन. आपण सोयीसाठी गाळकुंडी म्हणू.

एका खड्ड्याला इतिहास तो काय असणार, असे वाटेल. परंतु गेल्या दीडशे वर्षांत या खड्ड्यावर एकापाठोपाठ एक अशा निरनिराळ्या जबाबदाऱ्या येऊन पडल्या. खड्डा मात्र जवळजवळ होता तसाच राहिला.

पहिली जबाबदारी पाइपाची. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनची पार्लमेंट हैराण झाली आणि त्यानंतर जोसेफ बॅझलजेट याने शहराखाली भुयारी गटारांचे मोठे जाळे उभारले. मैलापाणी आणि पावसाचे पाणी दोन्ही त्याच गटारांतून जात असे. त्या काळचे बरेच रस्ते खडी दाबून केलेले असत. गाड्यांची लोखंडी धावेची चाके ती खडी दळत, त्यात घोड्यांच्या लिदीची भर पडे आणि पाऊस आला की हा सारा राडा गटारात उतरे. मैला पाण्याबरोबर वाहून जातो, वाळू तशी जात नाही. गटारातले पाणी सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेगाने वाहिले तर गाळ बसत नाही, असा इंजिनिअरांचा ठोकताळा आहे. पण उन्हाळ्यात पाणी कमी झाले की हा वेग कोठून आणायचा? गटारात माणसे उतरवून गाळ उपसण्यापेक्षा तो रस्त्यालगतच्या खड्ड्यात अडवणे आणि लांब दांड्याच्या पळ्याने वरूनच काढणे स्वस्त पडे. नदीचा विचार यात कोठेच नव्हता. खड्डा हा पाइपाचा राखणदार होता.

पॅरिसने अगदी उलट मार्ग धरला. तेथील इंजिनिअर युजेन बेलग्रां याने गटारेच एवढी प्रशस्त बांधली की त्यांतून होड्या चालाव्यात. होडीला पुढे एक फळी जोडलेली असे. ती पाणी अडवी, मागे पाणी तुंबे आणि फळीखालून जोराने निसटणारा प्रवाह पुढचा गाळ ढकलत नेई. सेन नदीखालून जाणाऱ्या नळात तर होडी शिरणे शक्य नव्हते. तेथे नळापेक्षा जरा लहान असा लाकडी गोळा सोडत. तो तरंगून नळाच्या छताला टेके. खाली उरलेल्या चिंचोळ्या फटीतून पाणी वेगाने जाई आणि तळ घासून काढी. प्रवाहाची वाट अरुंद झाली की वेग वाढतो, हा नियम शिकवायला याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

दुसरी जबाबदारी चुकीच्या शास्त्रातून आली. गटारातून उठणाऱ्या दूषित वायूमुळे रोग होतात, अशी त्या काळी डॉक्टरांसकट बहुतेकांची समजूत होती. म्हणून गाळकुंडीच्या पाइपाला वाकडे तोंड देण्यात आले. आपल्या मोरीच्या नळीच्या बाकात जसे पाणी साठून राहते आणि वास वर येऊ देत नाही, तशीच ही योजना. या समजुतीचा एक कट्टर पुरस्कर्ता म्हणजे अमेरिकेचा जॉर्ज वेअरिंग. १८७८ मध्ये मेंफिस शहरात पीतज्वराने पाच हजारांवर माणसे दगावली. त्यानंतर १८८० पासून वेअरिंगने तेथे फक्त मैलापाण्यासाठी सहा इंची नळांची वेगळी व्यवस्था घातली आणि पावसाचे पाणी तिच्यातून पूर्णपणे वगळले. पुढे तो न्यूयॉर्कच्या रस्तेसफाईचा प्रमुख झाला आणि सफाई कामगारांना त्याने पांढरे गणवेश दिले. १८९८ मध्ये सरकारने त्याला हवाना शहराच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करायला पाठवले. परतल्यावर काही दिवसांतच तो वारला, आणि तोही पीतज्वराने. हा रोग डास पसरवतात असे कार्लोस फिन्ले याने १८८१ मध्येच मांडले होते. वॉल्टर रीडच्या पथकाने हवानातच १९०० साली त्याचा पडताळा घेतला.

वायूची भीती ओसरली, पण कुंडीतले साठलेले पाणी राहिले, आणि साठलेले पाणी म्हणजे डासांचे घर. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वेस्ट नाइल विषाणूची साथ आली. तो पसरवणारे क्यूलेक्स डास गाळकुंड्यांत वाढतात, म्हणून अमेरिकेतल्या अनेक शहरांनी कुंड्यांमध्ये अळीनाशक टाकायला सुरुवात केली. रोग अडवण्यासाठी साठवलेल्या पाण्यात रोग अडवण्यासाठी औषध!

वेअरिंगच्या योजनेतला एक भाग मात्र टिकला. मैलापाणी वेगळे आणि पावसाचे वेगळे, ही पद्धत जगभर पसरली. तिच्यामागे एक न बोललेले गृहीतक होते: पावसाचे पाणी स्वच्छच असते, ते सरळ नदीत सोडायला हरकत नाही. मैलापाण्यासाठी शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. पावसाच्या पाण्याच्या वाटेवर काहीच नव्हते. अमेरिकेत १९७२ चा जलप्रदूषण कायदा आला आणि त्याच सुमारास रस्त्यावरची धूळ गोळा करून तपासण्यात आली. ४३ मायक्रॉनपेक्षा बारीक कण वजनाने जेमतेम ६ टक्के भरले. पण शेवाळाला पोसणाऱ्या द्रव्यांपैकी एक तृतीयांश ते निम्मा भाग आणि जड धातूंपैकी निम्म्याहून अधिक भाग या कणांनाच चिकटलेला होता. मग पुन्हा सर्वांचे लक्ष गाळकुंडीकडे वळले. गाळ अडवणारा खड्डा आहेच, तर त्यानेच नदीचेही रक्षण करावे!

येथेच घोडे पेंड खाते. बारीक कण पाण्यात किती वेगाने खाली जातो, हे जॉर्ज स्टोक्स याने १८५१ मध्ये दाखवून दिले होते. वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खाली जायला सुमारे दोन मिनिटे घेतो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या, म्हणजे ०.०१ मिलिमीटरच्या कणाला तेवढ्याच अंतराला तीन तास लागतात आणि ०.००१ मिलिमीटरच्या कणाला सुमारे तेरा दिवस. आता समजा, कुंडीत एक घनमीटर पाणी मावते आणि जोराच्या पावसात सेकंदाला २० लिटर पाणी आत येते. पाण्याचा कुंडीतला मुक्काम झाला ५० सेकंदांचा! मग खड्डा दुप्पट खोल केला तर? मुक्काम दुप्पट होईल, पण कणाला खाली पडायचे अंतरही दुप्पट होईल. गाळ बसणे खोलीवर नव्हे तर पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, हे ॲलन हेझन याने १९०४ मध्ये मांडले. रस्त्याखाली ऐसपैस क्षेत्रफळ मिळणार कोठून?

वर्गात हे सहज दाखवता येईल. शाळेसमोरच्या रस्त्याच्या कडेची मूठभर माती काचेच्या बरणीत पाण्यासह हलवा आणि घड्याळ लावून ठेवा. वाळू पाहता पाहता बसेल. पाणी नितळ व्हायला मात्र दुसऱ्या दिवशीच्या तासाचीही वाट पाहावी लागेल.

मग जागा न वाढवता काही करता येईल का? इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात बर्नार्ड स्मिसन याने एक वेगळा विचार केला. पावसात एकत्रित गटारे भरून नदीत सांडतात; त्या सांडव्यावर त्याने चौकोनी हौदाऐवजी गोल हौद बांधला आणि पाणी कडेने तिरपे आत सोडले. पाणी गोल फिरू लागले. आपल्याला वाटेल, जड कण बाहेरच्या भिंतीकडे फेकले जातील. पण कपात चहाची पत्ती घालून चमच्याने ढवळा आणि चमचा काढून घ्या. पत्ती तळाशी मधोमध गोळा होते. याचे स्पष्टीकरण आइनस्टाइन याने १९२६ मध्ये एका निबंधात दिले, आणि नद्यांना वळणे का पडतात हेही त्यावरूनच सांगितले. फिरणारे पाणी कडेला चढते, म्हणून कडेला दाब जास्त असतो. तळाशी घर्षणाने पाण्याचा वेग मंदावतो. ते त्या दाबाला पुरे पडत नाही आणि मध्याकडे सरकते. जाताना पत्तीही ओढून नेते. स्मिसनने या प्रवाहाला गाळ एका जागी आणण्याच्या कामाला लावले. हलणारा भाग एकही नाही, वीज लागत नाही. त्याचा अहवाल १९६७ मध्ये लंडनच्या परिषदेत वाचला गेला आणि १९७२ पर्यंत अमेरिकेत त्याची सुधारित आवृत्ती तयार झाली. आज जमिनीखाली बसवायची भोवरा-यंत्रे अनेक कंपन्या विकतात. त्यांची वंशावळ ब्रिस्टलपर्यंत पोहोचते.

स्टोक्सचा नियम मात्र भोवऱ्यालाही चुकत नाही. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात अशा यंत्रांना पाण्यातील तरंगत्या गाळापैकी ५० टक्केच गाळ काढण्याचे श्रेय मिळते. शिवाय जे विरघळलेले असते ते कोणत्याच कुंडीत बसत नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर कोहो जातीचे सामन मासे पावसानंतर ओढ्यांमध्ये अंडी घालण्याआधीच मरून पडत. मोटारींच्या टायरमधल्या एका रसायनापासून तयार होणारे द्रव्य त्यांना मारते, हे २०२० मध्ये सिद्ध झाले. रस्त्यावरचे तेच पाणी माती, वाळू आणि कुजलेल्या पालापाचोळ्याच्या थरातून झिरपवले तेव्हा त्यात मासे जगले.

आणि कुंडी भरते, हे विसरून चालणार नाही. तळाचा कप्पा सुमारे ६० टक्के भरला की जितका गाळ बसतो तितकाच पुढच्या पावसात उसळून बाहेर पडतो, असे मोजमापांत आढळले आहे. म्हणजे न उपसलेली कुंडी ही नसल्यासारखीच असते.

मुंबईत याचे मोठे रूप पाहायला मिळते. तेथेही मैलापाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या मुळात वेगळ्या आहेत. पण जेथे मैलावाहिनी पोहोचलेली नाही अशा वस्त्यांचे सांडपाणी नाल्यांतच येते. जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेल्या होत्या. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत न्यावी असे सुचवले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यावर त्या कामाला वेग आला. हाजी अली, इर्ला अशा ठिकाणी पंपघरे उभी राहिली, कारण बहुतेक नाल्यांची समुद्राकडची तोंडे भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती आली की नाल्यातले पाणी थबकते, वेग शून्यावर येतो आणि स्टोक्सच्या नियमाप्रमाणे गाळ बसू लागतो. दिवसातून दोनदा सबंध नालाच गाळकुंडी होतो.

म्हणून दर उन्हाळ्यात नालेसफाई. मोठ्या नाल्यात यंत्र उतरते. गल्लीबोळातल्या गटारांपाशी यंत्र पोहोचत नाही. तेथे माणूस उतरतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला मैलावाहिनीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी अशा मृत्यूंच्या बातम्या येतच असतात. उपसलेला गाळ कित्येकदा वाळण्यासाठी नाल्याच्या काठावरच टाकतात. त्याच्या गाड्या भरून जायच्या आत पहिली सर आली, तर तो पुन्हा आत उतरतो.