पुरुष-नर्तकाची थोरवी

युरोपांतील बॅले-नृत्याचा विषय निघाला, कीं पुरुष-नर्तकाविषयीं दोन मतें हटकून कानांवर येतात. एक मत असें, कीं तो नर्तकीला उचलून धरणारा एक सुदृढ हमाल होय. दुसरें असें, कीं तो जितका उंच उडेल तितका थोर. पहिलें मत अज्ञानांतून निघालेलें असल्यामुळें त्याचा राग येत नाहीं. दुसरें मात्र जाणकार म्हणविणाऱ्यांच्याही तोंडीं असतें, आणि तेंच आम्हांस अधिक घातक वाटतें. उडी मोजतां येते. आणि जें मोजतां येतें त्यालाच गुण समजण्याची खोड एकट्या नृत्याच्या प्रांतांत आहे असें नाहीं, हें उत्तरपत्रिका तपासण्यांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना कोणी सांगावयास नको. तेव्हां थोरवीचा निवाडा करण्यापूर्वीं या कलेंत पुरुषाचें काय काय झालें, हें पाहणें बरें.

आज बॅलेचें नांव घेतलें, कीं डोळ्यांपुढें नर्तकी उभी राहते. परंतु ही कला वाढली ती पुरुषांच्या, आणि त्यांतही राजेरजवाड्यांच्या पायांवर. १६५३ सालीं फ्रान्सच्या दरबारांत रात्रभर चाललेल्या एका नृत्यनाट्यांत चौदा वर्षांचा चौदावा लुई उगवत्या सूर्याचा वेष घेऊन नाचला, आणि 'सूर्यराजा' ही त्याची ओळख इतिहासांत कायम झाली. १६६१ सालीं त्यानें नृत्याची राजमान्य अकादमी स्थापन केली. पाय बाहेर वळवून उभें राहण्याचीं जीं पांच मूलस्थानें आजही प्रत्येक विद्यार्थी प्रथम शिकतो, त्यांच्या मांडणीचें श्रेय राजाचा नृत्यगुरु पिएर बोशां याला देतात. पॅरिसच्या ऑपेरांत १६८१ पर्यंत धंदेवाईक नर्तकी रंगभूमीवर आलेली नव्हती; स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच मुखवटे चढवून करीत.

अठराव्या शतकांत हा मान दरबाऱ्यांकडून धंदेवाईक नर्तकांकडे आला. गाएतां व्हेस्त्रिस याला लोक 'नृत्याचा देव' म्हणत, आणि तोही स्वतःला त्याहून फारसा कमी समजत नसे. त्याचा मुलगा ऑग्यूस्त (१७६०–१८४२) हा आमच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा. त्या काळीं नर्तकांच्या जणूं जाती ठरलेल्या असत. उंच, भारदस्त पुरुषानें धीरोदात्त नृत्य करावें, मध्यम बांध्याच्यानें चपळ नृत्य करावें आणि ठेंगण्यानें लोकांना हसवावें, असा दंडक होता. ऑग्यूस्तनें गिरक्या आणि उड्या यांच्या जोरावर हीं कुंपणें मोडलीं. जुन्या लोकांनीं कला बुडाली म्हणून कपाळाला हात लावला. परंतु पुढील शतकाचे दोन मोठे नृत्यरचनाकार, पेरो आणि डेन्मार्कचा बुर्नोनव्हिल, याच्याच हाताखालून गेले.

नंतर पारडें फिरलें. १८३२ सालीं पॅरिस येथें 'ला सिल्फीद' हें नृत्यनाट्य झालें, आणि मारी ताल्योनी पावलांच्या अग्रावर उभी राहिली. ही युक्ती तिच्या आधींही कोणीं कोणीं केलेली होती. तिनें युक्तीचें काव्य केलें. भूमीचा स्पर्श सोडूं पाहणारी अप्सरा एकदां दृष्टीस पडल्यावर प्रेक्षकांना पुरुषाचे पिळदार पाय डोळ्यांत खुपूं लागले. जूल जानें याच्यासारखा वजनदार टीकाकार, पुरुषानें रंगभूमीवर नाचणें हाच मुळीं ओंगळ प्रकार आहे, अशा अर्थाचें लिहूं लागला. पेरो दिसावयास कुरूप. तेव्हां एका जागीं थांबूंच नको, म्हणजे लोकांना तुझें तोंड न्याहाळावयास सवड मिळणार नाहीं, असा सल्ला त्याला व्हेस्त्रिसनें दिल्याची आख्यायिका आहे. १८४१ च्या 'जिझेल' नाट्यांत नायिकेचीं नृत्यें बऱ्याच अंशीं यानेंच रचलीं, पण जाहिरातीवर याचें नांव नाहीं. शेवटीं १८७० सालीं 'कोपेलिया' रंगभूमीवर आलें, तेव्हां त्यांतील फ्रांझ नांवाच्या तरुणाची भूमिका उजेनी फिओक्र या नर्तकीनें पुरुषवेष घेऊन केली. आमच्याकडे पुरुष स्त्रिया होत होते, तिकडे स्त्रिया पुरुष होऊं लागल्या. फरक इतकाच, कीं आमच्या प्रथेंतून बालगंधर्वांसारखा कलावंत निपजला, आणि त्यांच्या प्रथेंत पुरुष-नर्तकाच्या पिढ्याच्या पिढ्या बुडाल्या.

ही विद्या सर्वस्वीं नष्ट झाली नाहीं, याचें श्रेय पॅरिसला नाहीं; तें दोन थंड शहरांना आहे. कोपनहेगन येथें बुर्नोनव्हिलनें हलक्या, उसळत्या उड्यांची आपल्या गुरूची शैली पुरुषांसाठीं राखून ठेवली. सेंट पीटर्सबर्ग येथें १७३८ पासून सरकारी नृत्यशाळा होती. तेथें मार्सेयचा पेतिपा, स्वीडनचा योहान्सन आणि इटलीचा चेकेत्ती असे परदेशी गुरु येऊन राहिले. फ्रान्सनें टाकून दिलेली विद्या रशियानें पगार देऊन विकत घेतली, असें म्हटलें तरी चालेल.

या शाळांत मूल नऊ-दहा वर्षांचें असतां घेत आणि सात-आठ वर्षें त्याच्याकडून तेंच तें करवून घेत. सारें शिक्षण गुडघे वांकविण्यापासून सुरू होतें. उडी वर जाते ती या वांकण्यांतून आणि टांच जमिनीला नीट टेकण्यांतून. आणि खालीं येतांना आवाज होऊं नये म्हणून पुन्हा त्याच वांकण्याचा आश्रय घ्यावा लागतो. आतां, नर्तक हवेंत क्षणभर थांबतो, असें जें लोक म्हणतात तें काय आहे? शरीराचा गुरुत्वमध्य फेंकलेल्या दगडाप्रमाणें ठरलेल्या कमानींतूनच जातो. त्यांत कोणाही प्रतिभावंताला सवलत नाहीं. परंतु उडीच्या माथ्यावर हात-पाय वर उचलले, तर गुरुत्वमध्य शरीरांत वर सरकतो आणि डोकें व छाती कांहीं काळ एका पातळींत राहतात. प्रेक्षकाची नजर डोक्यावर असते, म्हणून त्याला तो थांबलासा वाटतो. म्हणजे उंच उडणें हें स्नायूंचें काम, थांबल्याचा भास उत्पन्न करणें हें कलेचें काम. उडीची उंची मोजणाऱ्यांच्या हातून नेमका हा दुसरा भाग निसटतो.

अशा शाळेंतून १९०७ सालीं व्हास्लाव्ह निजिन्स्की बाहेर पडला. त्याचे आईबाप पोलंडचे, दोघेही नर्तक. १९०९ च्या मे महिन्यांत दियागिलेव्हनें रशियन नर्तकांचा मेळा पॅरिसला नेला, आणि ज्या शहरानें पुरुषाला रंगभूमीवरून हांकलून दिलें होतें, तेंच शहर या पुरुषासाठीं वेडें झालें. १९११ सालीं माँटे कार्लो येथें फोकीननें रचलेल्या 'गुलाबाचा आत्मा' या लहानशा नृत्यांत, नृत्यसमारंभाहून परतून खुर्चींत निजलेल्या मुलीच्या स्वप्नांत तो येतो आणि शेवटीं खिडकींतून उडी घेऊन नाहींसा होतो. या उडीवर किती शाई खर्च झाली आहे! एक साधी गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. खिडकीपलीकडे तो खालीं केव्हां आला हें प्रेक्षकांना दिसतच नव्हतें. त्यांनीं पाहिलें तें फक्त वर जाणें. पडद्यामागें त्याला झेलण्यास माणसें उभी असत.

पण आमच्या मतें त्याची थोरवी तेथें नाहींच. त्याच वर्षीं जून महिन्यांत त्यानें स्ट्राव्हिन्स्कीच्या संगीतावर 'पेत्रुश्का' केलें. पेत्रुश्का म्हणजे भुसा भरलेली बाहुली. तिला मन आहे, पण तें व्यक्त करण्यास धड हातपाय नाहींत. युरोपांतील सर्वांत देखणी उडी ज्याच्याजवळ होती, त्यानें पाय आंत वळवून, खांदे पाडून, लाकडी हातांनीं भिंतीवर धडका देणारा एक केविलवाणा जीव उभा केला. १९१२ च्या 'फॉन' या स्वतःच्या रचनेंत तर त्यानें सारीं अंगें प्राचीन ग्रीक चित्रांसारखीं एका बाजूला वळविलीं आणि अख्ख्या नृत्यांत स्वतःसाठीं एकच उडी ठेवली. ज्याच्याजवळ द्रव्य मुबलक आहे आणि जो तें खर्च करीत नाहीं, त्याला आपण कृपण म्हणतों. येथें मात्र तो शब्द चालत नाहीं. पुढील वर्षीं 'वसंतयज्ञ' रचतांना त्यानें बोशांच्या काळापासून बाहेर वळलेले सर्वांचे पाय आंत वळविले, आणि २९ मे १९१३ च्या रात्रीं पॅरिसच्या नाट्यगृहांत जो गोंधळ उडाला तो प्रसिद्धच आहे.

त्याच सालीं त्यानें विवाह केला, दियागिलेव्हनें त्याला काढून टाकलें, आणि १९१९ सालीं स्वित्झर्लंडमध्यें एका हॉटेलांत शेवटचें नृत्य करून तो मनोरुग्णतेच्या अंधारांत गेला. १९५० सालीं लंडनमध्यें त्याचें निधन झालें. जेमतेम दहा-बारा वर्षांची ही कारकीर्द. आणि त्याच्या नृत्याची एकही चित्रफीत उपलब्ध नाहीं. जुन्या गवयांच्या तबकड्या तरी आहेत. येथें छायाचित्रें आणि पाहणाऱ्यांच्या साक्षी यांवरच भिस्त.

पॅरिसच्या त्या पहिल्या हंगामांत निजिन्स्कीबरोबर आन्ना पाव्हलोवाही होती. १९२३ सालीं लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्यें तिच्या राधेपुढें कृष्ण झालेला तरुण म्हणजे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतून विलायतेस गेलेले उदय शंकर. बॅलेचें शिक्षण त्यांना मुळींच नव्हतें, उड्या तर दूरच. तरी युरोपच्या प्रेक्षकांनीं त्यांना पुढें कित्येक वर्षें डोक्यावर घेतलें, ही गोष्ट उडीवाल्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

रूडोल्फ नुरेयेव्ह (१९३८–१९९३) याची कथा याहून निराळी. हा तातार कुळांतला मुलगा धांवत्या आगगाडींत जन्मला, उफा या दूरच्या गांवीं वाढला, आणि लेनिनग्राडच्या शाळेंत पोंचला तेव्हां सतरा वर्षांचा होता. ज्या वयांत इतरांचें शिक्षण संपत येतें, त्या वयांत त्याचें सुरू झालें. अलेक्झांडर पुश्किन या शांत गुरूनें त्याला घडविलें. तरी घाईनें शिकल्याच्या खुणा त्याच्या नृत्यांत शेवटपर्यंत राहिल्या, असें त्याचे चाहतेही मान्य करतात. १६ जून १९६१ रोजीं पॅरिसच्या विमानतळावर त्यानें सोव्हिएत पहारेकऱ्यांच्या हातून निसटून आश्रय मागितला, आणि पुढील फेब्रुवारींत लंडन येथें मार्गो फाँटेनबरोबर 'जिझेल' केलें. ती बेचाळीस वर्षांची, हा चोविसाव्याच्या आंत. निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेली ती नर्तकी त्यानंतर पंधराएक वर्षें नाचली.

येथें सोबत्याच्या कामाविषयीं थोडें बोललें पाहिजे; कारण हमालीचा आरोप यावरच आहे. नर्तकीला उचलण्यांत दंडाचें बळ लोकांना वाटतें त्याहून कमी लागतें. ती गुडघे वांकवून जो उठाव घेते, त्याच क्षणाला त्याचे हात लागले तर ती फुलासारखी वर जाते. क्षण चुकला तर पोत्यासारखी. म्हणजे हें काम साथीदार तबलजीचें आहे. नुरेयेव्ह या कामांत सर्वांत निर्दोष होता असें नाहीं. परंतु नर्तकी नाचत असतां तिच्याकडे तो असें पाही, कीं प्रेक्षकांनाही तिच्याकडे तसेंच पहावें लागे. शिवाय जुन्या नाट्यांतल्या राजपुत्रांना, ज्यांचें काम तोंवर उभें राहून हात पुढें करण्यापलीकडे फारसें नव्हतें, त्यानें एकल नृत्यें दिलीं, दुःख दिलें, विचार करावयास लावलें. पुढें १९८३ ते १९८९ पर्यंत तो पॅरिसच्या ऑपेरांतील बॅलेचा प्रमुख होता. पन्नाशी उलटल्यावरही तो नाचत राहिला, तें न पाहवणारें होतें असें पुष्कळांचें म्हणणें; ज्याच्या अंगांत एवढी भूक होती त्यानें वेळेवर पान उचलावें अशी अपेक्षा आम्हांस करवत नाहीं.

मॉस्कोच्या व्लादिमीर वासिल्येव्हनें १९६८ च्या 'स्पार्टाकस' मध्यें पुरुषाच्या बळाचें जें दर्शन घडविलें, तें चित्रफितीवर आहे आणि तें थक्क करणारें आहे. तरी आम्हीं वारंवार लावून पाहतों ती मिखाइल बॅरिश्निकोव्ह याची फीत. हा १९४८ सालीं रिगा येथें जन्मला आणि त्याच पुश्किनच्या हाताखालीं शिकला. बांधा ठेंगणा, राजपुत्राच्या भूमिकांना हा शोभेल काय, अशी शंका लेनिनग्राडमध्यें घेतली जाई, म्हणजे व्हेस्त्रिसनें मोडलेलीं कुंपणें दोनशें वर्षांनीं पुन्हा उभीं होतीं. १९७४ सालीं टोरंटो येथें त्यानें देश सोडला. त्याच्या गिरक्या मोजण्याच्या नादांत, दोन गिरक्यांच्या मध्यें तो काय करतो याकडे बहुतेकांचें दुर्लक्ष होतें. उडीची तयारी म्हणून इतर नर्तक जीं धांवतीं पावलें टाकतात, त्यांत 'आतां पहा' अशी सूचना असते. याच्या नृत्यांत ती सूचनाच नाहीं. चालणें केव्हां संपलें आणि उडी केव्हां लागली, हें फीत मागें नेऊन पाहिलें तरी नीट सांपडत नाहीं.

गुडघ्यांवर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हां त्यानें राजपुत्र सोडून दिले आणि १९९० सालीं मार्क मॉरिस याच्यासह आधुनिक नृत्याची एक लहान मंडळी काढली. १९९८ सालीं, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, तो एका नृत्यांत छातीला यंत्र बांधून रंगभूमीवर आला. त्याच्याच हृदयाचे ठोके ध्वनिवर्धकांतून नाट्यगृहभर ऐकूं येत होते, आणि त्या ठोक्यांवर तो नाचत होता. हालचाल वाढली कीं ठोके वाढत, आणि तो थांबला कीं तेही सावकाश खालीं येत.