घर, कचेरी आणि वेळेची मर्यादा

हल्लीं मध्यम स्थितींतील पुष्कळ घरांत असा देखावा दिसतो कीं, दिवाणखान्याचें दार लोटलेलें आहे. आंत मुलगा किंवा सून संगणकापुढें बसून शेंकडों कोसांवरील मंडळींशीं बोलत आहे. आणि बाहेर आजी नातवाला 'हळू बोल' म्हणून दटावीत आहे. मनुष्य घरांत आहे, पण घरच्यांत नाहीं. मार्च 2020 मध्यें साथीमुळें देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां ही रीत एकदम फैलावली. आम्हीं स्वतः त्या दिवसांत घरच्या भिंतीकडे पाठ करून, न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांस इतिहास शिकविला. ही स्थिति अगदीं अपूर्व आहे, असें सर्वत्र म्हटलें जातें. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तें जसेंच्या तसें कबूल करतां येत नाहीं.

घर निराळें आणि कामाची जागा निराळी, ही वांटणी आपल्याकडे तशी अलीकडचीच होय. कोष्ट्याचा माग त्याच्या घरांतच असे. कुळकर्ण्याचें दप्तर त्याच्याच घरीं रुमालांत बांधलेलें असे. फार काय, नाना फडणिसांचे कागदही वाईजवळ मेणवलीस त्यांच्या वाड्यांत राहिले, व पुढें 'मेणवली दप्तर' या नांवानेंच ते अभ्यासकांच्या परिचयाचे झाले. तेव्हां काम घरांत आलें, यांत नवें कांहीं नाहीं. नवें कशांत आहे, हें पाहावयाचें तर धन्यापासून दूर राहून काम करणाऱ्यांची जुनी रीत पाहिली पाहिजे.

पेशवाईंत असे दूरचे चाकर म्हणजे वकील. हिंगणे मंडळी दिल्लीस, गोविंदराव काळे निजामाच्या दरबारीं; त्यांचा पुण्याशीं सारा व्यवहार पत्रांनीं चाले. जासूद कितीही चपळ असला तरी उत्तर येईपर्यंत दिवसांमागून दिवस जात, आणि तोंपर्यंत प्रसंग पालटून जाई. म्हणून वकील पारखून नेमावा लागे, व एकदां नेमल्यावर त्याच्या शहाणपणावर भरंवसा ठेवावा लागे. सालबाईचा तह ग्वाल्हेरच्या बाजूस महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनें 17 मे 1782 रोजीं ठरला. नानांनीं त्यास मान्यता दिली ती फेब्रुवारी 1783 मध्यें. हा विलंब मुख्यतः राजकारणाचा होता, टपालाचा नव्हे, हें खरें. परंतु जागेवरच्या माणसास बोलणें लावण्याची आणि पुण्यांतल्या माणसास विचार करण्याची जी सवड होती, ती त्या मंदगति काळाचीच देणगी होती.

ही सवड तारायंत्रानें हिरावून घेतली. ओशॉनेसी यांनीं कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली तार 1850-51 च्या सुमारास चालू केली. 1855 मध्यें तारखातें सर्व लोकांस खुलें झालें. आणि 1870 मध्यें समुद्रांतील तारेनें मुंबई लंडनशीं जोडली गेली. सोय मोठी झाली, यांत संशय नाहीं. पण कालपर्यंत स्वतःच्या बुद्धीनें निर्णय करणारा दूरचा अधिकारी आतां वरचेवर हुकुमाची वाट पाहूं लागला. अंतर तुटलें, त्याबरोबर विश्वासाची गरजही कमी झाली.

त्याच काळांत दुसरी एक घडामोड झाली. 1854 मध्यें कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापडगिरणीचा उपक्रम केला. गिरणीनें काम घराबाहेर नेलें आणि तें घड्याळानें मोजलें. विजेचे दिवे आल्यावर रात्र पडली तरी यंत्र थांबेना. विसाव्या शतकाच्या आरंभीं कित्येक गिरण्यांत 13 तासांहूनही अधिक काम चाले. परंतु ज्या काळास दरवाजा आणि भोंगा होता, त्यास कायद्याची दोरी लावतां आली. कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांस 1911 च्या कायद्यानें 12 तासांची मर्यादा मिळाली. पुढें कारखान्यांची ही मर्यादा 1922 मध्यें 11, 1934 मध्यें बारमाही कारखान्यांपुरती 10, आणि 1948 मध्यें 9 तासांवर आली. कामगारास स्वतःच्या बुद्धीनें वागण्याची मुभा नव्हती. पण भोंगा झाल्यावर तो आपला मुखत्यार होता.

आतां आजच्या घरबसल्या कामकऱ्याकडे पाहावें. वकिलाचें अंतर त्यास आहे, पण वकिलाचा अधिकार नाहीं. कारण धन्याचा निरोप क्षणांत येऊन थडकतो, आणि तो जागेवर आहे कीं नाहीं हेंही कित्येक ठिकाणीं यंत्रच पाहतें. गिरणीकामगाराचे मोजलेले तास त्याच्या करारांत आहेत, पण तास संपल्याचा भोंगा नाहीं. जेवणाच्या पाटावरही कचेरी त्याच्या खिशांत असते.

याचा अर्थ हें साधन टाकून द्यावें, असा नव्हे. उपनगरच्या गाडींत लोंबकळत जाणारे रोजचे दोन-तीन तास वांचले, हें लहान सुख नाहीं. तान्हें मूल असलेल्या बाईस, किंवा वृद्ध आईबापांपाशीं राहूं इच्छिणाऱ्या मुलास, या सोयीनें पोटाचा उद्योग न सोडतां घर सांभाळतां येतें. दोष साधनाचा नाहीं. भिंत पडली आणि तिच्या जागीं कोणींच रेघ ओढली नाहीं, हा खरा दोष आहे.

कांहीं देशांनीं ती ओढण्यास आरंभ केला आहे. फ्रान्समध्यें मोठ्या संस्थांनीं कामाबाहेरच्या वेळीं न सांपडण्याच्या हक्काविषयीं नोकरांशीं बोलणें करावें, असा कायदा 2017 पासून आहे. आपल्या लोकसभेंतही 2018 च्या अखेरीस सुप्रिया सुळे यांनीं अशा आशयाचें खासगी विधेयक मांडलें होतें. तें कायद्याच्या पदवीस पोंचलें नाहीं. गिरण्यांच्या तासांस मर्यादा पडण्यास अनेक वर्षें लागलीं, हें ध्यानांत घेतां यानें निराश होण्याचें कारण नाहीं.

मात्र कायद्याची वाट पाहत घरानें स्वस्थ बसावें, असेंही नाहीं. धन्यानें पेशव्यांच्या दरबाराप्रमाणें माणूस पारखून घ्यावा व मग त्यावर विश्वास टाकावा. आणि चाकरानें गिरणीकामगाराप्रमाणें आपला भोंगा आपण वाजवावा. दिवेलागणीच्या वेळीं दिवाणखान्याचें दार उघडलें, आणि नातवाला मोठ्यानें बोलतां आलें, म्हणजे घर पुनः घर झालें असें आम्ही समजूं.