वडोदरा : अलकापुरी की अकोटा?
वडोदऱ्यात अलकापुरी आणि तिला लागून असलेला अकोटा यांतून घरासाठी निवड करताना प्रतिष्ठेपेक्षा विश्वामित्री नदीचा विचार आधी करावा. रेल्वेस्थानकालगतची अलकापुरी ही जुनी, बंगल्यांची वस्ती. मुसळधार पावसात मात्र तेथील रेल्वेखालचा भुयारी मार्ग, स्थानिकांचे ‘गरनाळे’, पाण्याने भरतो. अकोटा म्हणजे प्राचीन अंकोट्टक, जैन कांस्यमूर्तींसाठी विख्यात, पण नदीकाठचे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात येथील सखल भागांत पाणी शिरले. आजवा जलाशयाचे पाणी विश्वामित्रीत उतरत असल्याने पाऊस ओसरल्यावरही पातळी चढू शकते. अकोट्यात तळमजला घेण्यापूर्वी पाणी कोठवर आले होते, हे शेजाऱ्यांना विचारावे. वरच्या मजल्यासाठीही पार्किंग, वीजमीटर आणि लिफ्टची यंत्रणा किती उंचीवर आहे, ते प्रत्यक्ष पाहावे.