नेमबाजी, प्रतिकूल हवामानातील

५० मीटर रायफल नेमबाजीत पावसापेक्षा वारा अधिक घातक ठरतो. नेमबाज छपराखाली असला, तरी गोळीला उघड्यावरूनच जावे लागते. ५.६ मिमी व्यासाची ही हलकी गोळी आडव्या वाऱ्याने सहज सरकते. दहा गुणांचे वर्तुळ तर अवघे १०.४ मिमी असते. पावसाचे थेंब गोळीला वळवतात, हा आक्षेप फारसा टिकत नाही, कारण अशी गाठ क्वचितच पडते. पावसाचा खरा त्रास होतो तो अंधूक प्रकाशाचा आणि चष्म्यावर साचणाऱ्या बाष्पाचा. मग ही स्पर्धा बंदिस्त दालनातच का घेऊ नये? पल्ल्यावरील पताकांवरून वारा ओळखणे, झोत ओसरेपर्यंत ट्रिगर रोखणे किंवा नेम सरकवणे, हे कौशल्य मग कसाला लागणारच नाही. १० मीटर एअर रायफलमध्ये, ती बंदिस्त जागेत होत असल्याने, त्याची गरज पडत नाही.