मालदीव इतका सखल का आहे?

हिंदी महासागरातील मालदीव हा जगातील सर्वांत सखल देश आहे. इथल्या सुमारे १,२०० बेटांपैकी साधारण २०० बेटांवरच लोकवस्ती आहे.

दख्खनचे पठार ज्या ज्वालामुखी उद्रेकांतून तयार झाले, त्याच मालिकेत पुढे मालदीवखालची डोंगररांग तयार झाली, असे भूशास्त्रज्ञ मानतात. ही रांग खचत गेली आणि तिच्यावर प्रवाळ वाढत राहिले. प्रवाळ पाण्याबाहेर वाढत नाहीत. लाटांनी साचवलेल्या त्यांच्याच वाळूची ही बेटे बनली आहेत. म्हणूनच बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरहून कमी उंचीवर आहे.

तापमानवाढीमुळे समुद्राची पातळी वाढत आहे. या धोक्याकडे जगाचे लक्ष वेधण्यासाठी १७ ऑक्टोबर २००९ रोजी मालदीवच्या मंत्रिमंडळाने चक्क पाण्याखाली बैठक घेतली होती.